मजल आणि टाच

बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याच्या वेशीबाहेर, दूधगंगेच्या बाजूस उतरणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या फडांवरील धुके अद्याप हललेले नसते अशा समयी, दहा-पंधरा मुलांची एक टोळी नित्य धावताना दृष्टीस पडते. त्यांतील थोरली मुले सैन्याच्या भरतीसाठी सोळाशे मीटरांचे अंतर सहा मिनिटांच्या आत तोडण्याचा सराव करीत असतात. धाकटी, बारा-तेरा-चौदा वर्षांची, थोरल्या भावाच्या मागे धावण्याची जी स्वाभाविक ओढ त्या वयास असते तिच्याच बळावर निघालेली असतात. त्या टोळीत एखादा मुलगा असा हटकून आढळतो, की जो पहिला मैल सर्वांबरोबर धावतो, मग पाऊल चवड्यावर टाकू लागतो, आणि अखेरीस मोरीच्या कठड्यावर बसून दोन्ही हातांनी टाच दाबीत राहतो. घरी आई म्हणते, पोराची टाच धरली आहे. शेजारची कानडी आजी म्हणते, हिम्मडी नोवु. दुखण्याची नावे या गावात दोन आहेत, पण दोन्ही घरांतून चुलीत तापत घातलेली वीट मात्र एकच असते.

या मुलाच्या टाचेचा पूर्वेतिहास लिहावा असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे; कारण या प्रांती माणसे किती चालली, किती धावली, किती दिवसांत कोठे पोहोचली, हे सांगणारे कागद विपुल असले, तरी ज्या पायांवर ती धावली त्या पायांचे काय झाले, याची विचारपूस करणारा कागद क्वचितच हाती लागतो.

मराठेशाहीच्या दप्तरांत जासूद, हरकारा, काशीद, अजुरदार ही नावे पदोपदी भेटतात. जासूद सरकारी चाकरीतला, रोजमुरा घेणारा. अजुरदार फेरीगणिक ठरलेल्या मजुरीवर पत्र नेणारा. काशीद बहुधा सावकारांच्या पेढ्यांची पत्रे वाहणारा. जासूद जोडीने निघत, म्हणून जुन्या पत्रांत 'जासूद जोडी' हा प्रयोग इतका रूढ झाला, की मोटेस जसे दोन बैल तसे पत्रास दोन जासूद हे गृहीतच धरले जाई. पानिपतचा घात 14 जानेवारी 1761 रोजी झाला, आणि त्याची पहिली खात्रीची वार्ता नानासाहेब पेशव्यांस कळली ती कोणा सरदाराच्या स्वाराकडून नव्हे, तर सावकारांच्या एका काशिदाजवळ सापडलेल्या सांकेतिक पत्रावरून; तो काशीद पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबादेस पोहोचण्याच्या बोलीने निघालेला होता, असे ग्रँट डफने नमूद करून ठेवले आहे. त्या पत्रातील गळालेली मोत्ये आणि हरवलेल्या मोहरा महाराष्ट्रास तोंडपाठ आहेत. नऊ दिवसांची ती बोली ज्याने पायांवर पेलली, त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. मग त्याची टाच कोठून लिहिली जाणार?

आमच्या बाजूस हा व्यवसाय अधिकच नेटाने चालत असला पाहिजे. चिकोडी-मनोळीचा मुलूख अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळी कोल्हापूरकर छत्रपती आणि निपाणकर देसाई यांच्या झगड्यात एका हातातून दुसऱ्या हातात जात होता, आणि ज्या मुलखाचा धनी वारंवार बदलतो त्या मुलखात पत्रे फार धावतात. पुढे कंपनी सरकारचा अंमल बसला, चिकोडी तालुका मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात गेला, आणि जासुदाच्या जागी डाकेचा हरकारा आला. त्याच्या खांद्यावर थैली, हातात घुंगुर बांधलेली काठी किंवा भाला, आणि वाट्यास पाच-सात मैलांचा ठरावीक टप्पा; टप्प्याच्या टोकास दुसरा माणूस उभा असे. ही टप्प्यांची व्यवस्था मानवी पायाच्या दृष्टीने आधीच्या लांबलचक मजलींहून दयाळू होती, हे मान्य केले पाहिजे, जरी ती दयेपोटी केलेली नव्हती.

परंतु जासूद काय, हरकारा काय, दोघेही वयात आलेले पुरुष. लहान मुलाचे पाय या इतिहासात कोठे येतात असे विचारले, तर मला गावगाड्याच्या तळाशी पाहावे लागते. सरकारी कागद एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविणे, पाटील-कुलकर्ण्यांचा निरोप नेणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, ही कामे महार वतनदारांच्या माथी होती. आणि ती एका माणसाची नोकरी नसून साऱ्या घराण्यावरचा बोजा होता. बाप गावी नसेल तर घरातील जो कोणी हाताशी सापडेल त्याने निघावे, अशी ती रीत. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनाविरुद्ध विधेयक मांडले तेव्हा त्यांच्या आक्षेपाचे एक मुख्य कलम हेच होते, की काम करणाऱ्यास काळवेळेचे बंधन नाही आणि घरातल्या कोणाचीही सुटका नाही. दुपारच्या उन्हात, फुफाट्यातून, अनवाणी, कागद घेऊन पुढच्या गावाकडे पळत गेलेली पोरे या जिल्ह्यात किती असतील! त्यांची टाच दुखली तर ते दुखणे नव्हते, कामचुकारपणा होता. या देशी धावणाऱ्या मुलाच्या टाचेची पहिली चिकित्सा शिवीने आणि छडीने झाली, असे मी म्हणतो ते क्षोभाने म्हणतो, आणि तो क्षोभ मला आवरावासा वाटत नाही.

अनवाणी चालण्याची दुसरी, स्वेच्छेची आणि तपाची परंपराही याच मातीतली आहे. सदलग्याच्या शेजारच्या भोजचे शांतिसागर महाराज 1872 साली जन्मले आणि दिगंबर मुनीच्या व्रताप्रमाणे अनवाणी पायांनी दक्षिणेतून पार सम्मेद शिखरापर्यंत गेले. खुद्द सदलग्यात 10 ऑक्टोबर 1946 रोजी जन्मलेले आचार्य विद्यासागर 1968 साली अजमेरास दीक्षा घेऊन पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ पायीच फिरले. आमच्याकडील वडीलधारी माणसे अद्याप मुलांस त्यांचा दाखला देतात, की पाय हे घासल्यानेच घट्ट होतात. दाखला आदरणीय आहे. पण तो प्रौढ पायाचा आहे, हे मला पुढे सांगावयाचे आहे.

आता पुण्याकडे वळतो, कारण धावणे ही चाकरी न राहता कीर्तीचा विषय झाला तो तेथे. डेक्कन जिमखाना 1906 साली स्थापन झाला. त्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले, आणि 1919 च्या सुमारास तेथील क्रीडासंमेलनात त्यांनी जे पाहिले त्याने ते थक्क झाले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक जण शेतकऱ्यांची पोरे होती, त्यांना धावण्याचे शास्त्रोक्त शिक्षण नव्हते, पायांत काही नव्हते, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास येत होत्या. या दर्शनातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकास हिंदुस्थानचा संघ धाडण्याची कल्पना उभी राहिली. त्या लहानशा संघात आमच्या बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले होता. वयाची विशीही न ओलांडलेला हा मुलगा 22 ऑगस्ट 1920 रोजी मॅरेथॉनच्या रेषेवर उभा राहिला. त्या वर्षीची शर्यत ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब, 42.75 किलोमीटरांची. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन 2 तास 32 मिनिटांत पहिला आला; चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावा. ज्याच्या देशाने तोवर ऑलिंपिकास संघ असा कधी धाडलाच नव्हता, त्या मुलाचा हा एकोणिसावा क्रमांक मला कित्येक पदकांहून मोठा वाटतो, आणि बेळगाव जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या भिंतीवर तो लिहिलेला असावयास हवा होता.

या पराक्रमाची एक छाया मात्र मागे राहिली. मातीत अनवाणी धावलेली पोरे युरोपाच्या बरोबरीस आली, तेव्हा अनवाणी धावणे हेच त्यांच्या बळाचे रहस्य, असा समज पक्का झाला. 1960 साली रोममध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, आपल्या सैन्यातील शिवनाथ सिंगांनी अनवाणी धावून राष्ट्रीय उच्चांक रचले, आणि तो समज अधिकच दृढ झाला. त्यात तथ्य नाही असे नाही. मऊ मातीवर, बालपणापासून सवयीने, चवडा आधी टेकीत धावणारा पाय टाच आपटीत नाही. पण सदलग्याच्या भोवतालची काळी माती रस्त्याखाली गेली, रस्त्यावर खडी आणि डांबर आले, आणि मुले शाळेच्या बाकावर सहा-सहा तास बसून मग एकदम धावू लागली, याचा हिशेब त्या समजुतीने कधी केला नाही.

दुखऱ्या टाचेवरील आमचे जुने उपाय पाहू लागले म्हणजे त्यांत दोन प्रवृत्ती स्पष्ट दिसतात: एक सौम्य, घरातील बायकांची, दुसरी कठोर, बाहेरच्या जाणत्याची. सुश्रुताच्या निदानस्थानात वातव्याधींच्या अध्यायात वातकंटक नावाचा विकार सांगितला आहे. पाऊल विषम पडल्याने कुपित झालेला वायू घोट्याच्या व टाचेच्या ठायी आश्रय करून तेथे काट्यासारखी वेदना उत्पन्न करतो, असा त्याचा आशय. नाव किती यथार्थ आहे! ज्याने पहाटे अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेतला तो काटा अनुभवला आहे, त्याला या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. त्यावर वैद्यक ग्रंथांनी रक्तमोक्षण, एरंडतेल आणि तापलेल्या सुईचा डाग हे उपाय दिले, आणि शास्त्राच्या हातून ते लोकांच्या हाती आले तेव्हा त्यांतील विवेक गळून डाग तेवढा उरला.

घरातील उपाय असा: वीट चुलीत तापवावी, तीवर रुईची पाने पसरावी, आणि सोसवेल इतक्या उबेवर टाच टेकवून बसावे. कोणी आंबेहळद उगाळून लेप देई, कोणी एरंडाचे पान तेल लावून बांधी, कोणी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसवी. या उपायांनी बरे का वाटे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शेकाने वेदना काही काळ शमते हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे हे, की ज्या पोराला आजी संध्याकाळी तासभर विटेवर पाय ठेवून बसवीत असे, त्याला ती दुसऱ्या दिवशी रानात हुंदडूही देत नसे. विटेइतकेच त्या बसण्याचे गुण होते. दुसरी रीत मी स्वतः भोगली आहे. मी तेरा वर्षांचा असताना, शाळेच्या शर्यतीच्या आधी दोन आठवडे, माझी डावी टाच अशी धरली की पाऊल टेकवेना; तेव्हा पलीकडच्या गावातील एका जाणत्याकडे मला नेण्यात आले, आणि त्याने बिब्बा सुईने टोचून त्याचे तेल टाचेवर ओढले. त्या जागी फोड आले, ते चिघळले, महिनाभर मला चालता येईना. आणि महिन्यानंतर टाच बरी झाली तेव्हा सर्वांनी बिब्ब्याला श्रेय दिले. तो डाग अद्याप आहे. टाच बरी झाली ती मला महिनाभर धावता आले नाही म्हणून, हे समजावयास मला पुढे चाळीस वर्षे लागली.

ते समजावयाचे कारण 1912 सालातील एक लेख. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी बांधविलेले खासबाग मैदान कुस्तीसाठी खुले झाले आणि दक्षिण महाराष्ट्रातील तालमींना नवे चैतन्य आले. तिकडे अमेरिकेत बोस्टनचे अस्थिवैद्य जेम्स वॉरन सेव्हर यांनी वाढत्या वयातील मुलांच्या टाचदुखीचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वीडनच्या हाग्लुंड यांनी 1907 सालीच त्या दिशेने लिहिले होते, पण दुखण्यास नाव चिकटले ते सेव्हरचे. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यांच्या साहाय्याने जिवंत मुलाचे हाड प्रथमच डोळ्यांनी पाहता येऊ लागले, आणि असे दिसून आले, की मुलाची टाच हे अखंड हाड नसते. टाचेच्या मागील अंगास कूर्चेचा एक पट्टा आणि त्यापलीकडे हाडाची एक वेगळी टोपी असते. ही टोपी सातव्या-आठव्या वर्षाच्या आसपास दिसू लागते आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास मूळ हाडाशी एकजीव होते. मुलींत हे सारे काहीसे आधी घडते. याच टोपीला वरून पोटरीची जाड दोरी, जिला आपल्याकडे धोंडशीर म्हणतात ती, खेचीत असते, आणि खालून तळव्याचा पडदा ओढीत असतो. मुलगा एकाएकी उंच होऊ लागला म्हणजे नडगी आधी वाढते, पोटरी मागाहून. मधल्या काळात धोंडशीर ताणलेल्या धनुष्याच्या दोरीप्रमाणे राहते, आणि प्रत्येक उडीबरोबर, प्रत्येक पावलाबरोबर, ती कच्च्या कूर्चेला हिसका देते.

यास्तव या दुखण्याला रोग म्हणणेही मला प्रशस्त वाटत नाही. वाढ आणि श्रम यांचा एका ठिकाणी तंटा पडतो, इतकेच. गंमत म्हणावी की खेद, ज्या क्ष-किरणांनी हे ज्ञान दिले त्यांनीच दीर्घकाळ दिशाभूलही केली: दुखऱ्या टाचेच्या चित्रात ती टोपी पांढरीफटक व तुकड्यातुकड्यांची दिसते, म्हणून तेथे हाड कुजत आहे असे अनुमान निघे; पुढे कळले, की न दुखणाऱ्या निरोगी मुलांच्या टाचाही तशाच दिसतात. आज जाणता डॉक्टर टाच दोन्ही बाजूंनी बोटांच्या चिमटीत दाबून पाहतो, मूल कळवळले की त्याला बरेचसे उमगते. चित्र काढावयाचे ते दुसरे काही नाही ना, एवढ्याच खात्रीसाठी. आमच्या टापूतील लोक अशा खात्रीसाठी पिढ्यान्पिढ्या मिरजेस जात आले. तेथे विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिशनचे इस्पितळ उघडले आणि चिकोडी-रायबागकडील बैलगाड्यांना मिरजेची वाट पाठ झाली.

उपचारांविषयी बोलावयाचे तर मला प्रथम आमच्या चांभारांची आठवण होते. कोल्हापुरी वहाण, जिला या भागात पायताण म्हणतात, ती निपाणी-अथणीकडेही पिढीजात तयार होते. 2018 च्या अखेरीस तिला जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्हे आले, आणि बेळगाव त्यांतील एक. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या म्हशीच्या चामड्याचे थर एकावर एक शिवून तिची टाच उंच केलेली असते. पायास लागते अशी तक्रार घेऊन कोणी बाजारात गेला, की चांभार काही न विचारता टाचेखाली आणखी एक थर ठोकून देत असे. आजचे अस्थिवैद्य मुलाच्या बुटात टाचेखाली सुमारे सेंटिमीटरभर जाडीची जी मऊ उशी घालावयास सांगतात, तिचे मर्म तेच: टाच उचलली की धोंडशीर सैलावते. हातांच्या अनुभवाने चांभारास जे ठाऊक होते, त्याला नाव मिळावयास बोस्टन आणि ॲमस्टरडॅम लागले.

ॲमस्टरडॅम म्हणण्याचे कारण, नेदरलँडमधील वैद्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आठ ते पंधरा वर्षांच्या शंभर-एक मुलांचे तीन गट पाडले होते. एकास केवळ थांबावयास सांगितले, म्हणजे दुखेल ते टाळावयास. दुसऱ्यास टाचेची उशी दिली. तिसऱ्याकडून व्यायाम करवून घेतले. तीन महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. उशीवाल्यांना आरंभीच्या आठवड्यांत किंचित अधिक बरे वाटले, इतकाच भेद. तेव्हा मोरीच्या कठड्यावर बसलेल्या त्या मुलास सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सोपे आहे. धावणे पार बंद करून अंथरुणास खिळण्याचे कारण नाही. दुखण्याच्या मानाने धाव कमी करावी, डांबर सोडून मळ्यातली पायवाट धरावी, उड्या काही आठवडे वर्ज्य कराव्या, त्याऐवजी सायकल चालवावी किंवा नदीस पाणी बेताचे असेल तेव्हा थोरांच्या देखत पोहावे. धावून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे टाचेवर धरावा. वेदना ऐन उसळीत असेपर्यंत पोटरी ओढूताणू नये. ती शमली की भिंतीस हात टेकून, गुडघा सरळ ठेवून, पोटरी हळूहळू ताणण्याचा परिपाठ ठेवावा. वेदनाशामक गोळी लागलीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि ती घेऊन शर्यतीत उतरण्यासाठी कदापि नव्हे. फारच चिवट दुखण्यात काही आठवडे प्लॅस्टर किंवा आधाराचा बूट देतात. वाढत्या टाचेत सुई टोचून औषध भरणे आणि शस्त्रक्रिया यांचे या दुखण्यात काम नाही. बिब्ब्याचे आणि डागाचे तर नाहीच नाही. रुईचा चीक कातडे व डोळे जाळतो, म्हणून आजीच्या विटेवरून मला एवढे एक पान उचलून टाकावेसे वाटते. वीट तिने खुशाल ठेवावी.

थोरल्या मुलांची गोष्ट निराळी, आणि येथे घाई होते ती धोक्याची. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची ती टोपी बहुधा एकजीव झालेली असते. त्याची टाच दुखते तेव्हा तळव्याचा पडदा, धोंडशिरेचे टोक, किंवा हाडाला गेलेली सूक्ष्म चीर, यांपैकी काहीतरी असते. ही चीर सैन्याची जुनी ओळखीची आहे. कूच करणाऱ्या प्रशियन शिपायांचे सुजलेले पाय पाहून ब्राइटहाउप्ट नावाच्या लष्करी वैद्याने 1855 सालीच तिच्या लक्षणांचे वर्णन केले होते. बेळगावात 1922 पासून मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र आहे, आणि तेथवर पोहोचण्याच्या ध्यासाने आमची मुले भरतीची तारीख लागली की तीन महिन्यांचा सराव तीन आठवड्यांत उरकू पाहतात; हाडाला ही तारीख मानवत नाही. चीर पडलेल्या टाचेस सहा-आठ आठवडे खरा विसावा द्यावाच लागतो. आणि रात्री झोपेतून उठविणारी वेदना, ताप, लाली, एकाच टाचेची न ओसरणारी सूज, किंवा सकाळी तासभर न सुटणारा ताठरपणा दिसला, तर वय काही असो, वीटही नको आणि बर्फही नको. थेट इस्पितळ गाठावे.

मागच्या पावसाळ्याआधी त्या टोळीतील एक चौदा वर्षांचा मुलगा असाच कठड्यावर बसलेला मला भेटला. त्याला मी माझा डाग दाखविला आणि त्याच्या वडिलांबरोबर बाजारात जाऊन, त्याच्या कॅनव्हासच्या दोन्ही बुटांत बसतील असे चामड्याचे व वर मऊ रबराचे तुकडे कापवून घेतले. चांभाराने माप घेण्यासाठी टाच हातात धरली, अंगठ्याने मागची बाजू जरा दाबली, मुलगा कळवळला, आणि तो वर पाहून त्याच्या वडिलांना म्हणाला, पोरगं वाढतंय तुमचं, जरा दमानं घ्या. दिवाळीनंतर मुलगा पुन्हा टोळीत आला. अजून तो सर्वांच्या मागे असतो, मोरीपाशी आला की सवयीने कठड्याकडे एकदा पाहतो, आणि भोजच्या रस्त्याला लागतो.